सातवीच्या नकाशातला भूकंप

शाळांना वर्षाचा अभ्यासक्रम आखायला मदत करणं हे माझं काम. पुण्यात मी चित्रकला शिकवायचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे दुबईला आलो आणि इथे आल्यावर हे काम मिळालं. शाळेतल्या एखाद्या मोकळ्या वर्गात भिंतभर कागद लावायचा. वरच्या कडेला महिने, डावीकडे विषय. प्रत्येक शिक्षकाने आपले धडे रंगीत कार्डांवर लिहून त्या त्या महिन्यात चिकटवायचे. मग सगळ्यांनी मिळून बघायचं, कुठला धडा चित्रातून शिकवता येईल, कुठला नाचातून, कुठला नाटकातून. अपूर्णांक टाळ्यांच्या ठेक्यावर छान बसतात. पेशीची रचना मातीत करून बघितली की मुलं विसरत नाहीत. भिंतीवरच्या या कागदाला आम्ही नकाशा म्हणतो.

एरवी या कामात घाबरण्यासारखं काही नसतं. दुबईपासून तास-सव्वा तासावरच्या रास अल खैमातल्या एका शाळेत मात्र मी जवळजवळ पूर्ण सत्रभर भीतीत काढलं.

शाळा भारतीय अभ्यासक्रमाची, डोंगराच्या बाजूला. आजूबाजूला सिमेंटचे आणि टाइल्सचे कारखाने, आणि तिथे काम करणाऱ्यांचीच बरीचशी मुलं. पहिल्या दिवशी सातवीचा नकाशा करायला बसलो होतो. भूगोलाच्या बाई रत्नागिरीकडच्या होत्या. त्यांचे मिस्टर तिथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर. माझं आडनाव ऐकल्यावर त्या सरळ मराठीत बोलायला लागल्या. इतरांशी हिंदी, मुलांशी इंग्रजी आणि माझ्याशी मराठी, असं त्यांचं एका दमात चालायचं.

त्यांनी एक कार्ड उचललं, त्यावर 'भूकंप' लिहिलं आणि ते नाटकाच्या लाल कार्डाशेजारी चिकटवलं.

"हा धडा मला नाटकातून करायचाय," त्या म्हणाल्या. "आवाज, हालचाल, सगळं. मुलं दर वर्षी पाठ करतात ओ. केंद्र, लहरी, तीव्रता. पेपरात पैकीच्या पैकी. आणि मागे समुद्रापलीकडे झाला तेव्हा इथे जमीन जराशी हलली, तर सगळा वर्ग किंचाळत जिन्यावर. एका मुलीचा पाय मुरगळला. मग काय शिकवलं मी त्यांना?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. एखाद्या दुसऱ्या धड्याबद्दल कोणी असं बोललं असतं तर मी आनंदाने उठून त्यांचा हात धरला असता. पण मी म्हटलं, "ज्वालामुखी घेऊ या का त्याऐवजी? रंगांना खूप वाव आहे."

"ज्वालामुखी इथे कुठे होतोय, मॅडम?"

मी पाणी पिऊन येते सांगून बाहेर पडले आणि वॉशरूममध्ये बेसिनला धरून उभी राहिले. थोड्या वेळाने त्या मागोमाग आल्या.

"बरं वाटत नाय काय?"

"बीपी असेल."

त्यांनी माझ्याकडे आरशातून बघितलं. "गाव कुठलं म्हणालात तुम्ही?"

"लातूरकडचं."

आमच्या वयाच्या मराठी माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. नंतर त्यांनी हळूच विचारलं, "त्या वेळी तुम्ही तिथे होतात?"

मी होकारार्थी मान हलवली.

मी तेव्हा दुसरीत होते. आमचं घर दगड-मातीचं होतं, वर मातीचं जड माळवद. आदल्या दिवशी गावात गणपती बोळवले होते आणि दमून सगळे घरात झोपले होते. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याशेजारी एकाच वाकळीत होती. मला जमीन हललेली आठवत नाही. आठवतो तो आवाज, खडी भरलेले ट्रक अंगणातून चालल्यासारखा, आणि मग तोंडात माती. वडिलांनी मला बाहेर काढलं. अक्काला काढायला दुपार झाली. आईच्या पायात रॉड घातला, आम्ही पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, मग पुण्याला मामाकडे गेलो. घरात याबद्दल कोणी बोलायचं नाही. मी माझ्या मुलीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं, की आईची एक बहीण लहानपणी वारली.

हे सगळं मी त्या दिवशी भूगोलाच्या बाईंना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला जमणार नसेल तर तुम्ही त्या तासाला येऊ नका. मी करते. पण कार्ड तिथेच राहू दे, मॅडम. माझी पोरं या डोंगराशेजारी राहतात."

कार्ड तिथेच राहिलं.

दुबईत आम्ही राहतो जुमेरा लेक टॉवर्समध्ये, बऱ्याच वरच्या मजल्यावर. घर बघायला आलो तेव्हा नवरा खिडकीतून दिसणाऱ्या तळ्याचं कौतुक करत होता आणि मी जिना किती लांब आहे ते बघत होते. माझ्या पलंगाखाली बूट असतात, मुलीच्या पलंगाखाली तिचे. भिंतीवर जड काही टांगू देत नाही. नवऱ्याला याची सवय झाली आहे. त्या सत्रात मात्र हे वाढलं. जेवताना मी मधेच घास हातात धरून थांबायचे, कारण पायाखाली काहीतरी थरथरल्यासारखं वाटायचं. मुलगी वैतागायची. "आई, स्टॉप इट. इट्स जस्ट द एसी."

एसीच असायचा. कधी खालून जाणारी मेट्रो असेल असं मी स्वतःला सांगायचे, जरी मेट्रो तशी लांबून जाते.

रास अल खैमाला मी दर आठवड्याला जात होते. गणिताचे, विज्ञानाचे तास ठरल्याप्रमाणे चालले. भूगोलाचा तास आला की मी स्टाफरूममध्ये बसायचे. पण तो वर्ग बरोबर वरच्या मजल्यावर होता आणि बाईंनी मुलांना भूकंपाचा आवाज शोधायला लावलं होतं. कोणी तांदूळ चाळणीत हलवायचं, कोणी स्टीलचं ताट वाकवायचं, आणि मग सगळा वर्ग मुठींनी बाकं बडवायचा. आधी हळू, मग जोरात. छतातून तो आवाज खाली यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पर्स तिथेच टाकून मैदान ओलांडून पार्किंगमध्ये गेले आणि गाडीला टेकून उभी राहिले. डोंगर समोर होता, तपकिरी, उघडा. मला वाटत होतं तो आत्ता सरकेल.

भूगोलाच्या बाई तास संपल्यावर माझी पर्स घेऊन आल्या.

"आवाज कमी करायला सांगू काय?"

"नको," मी म्हटलं. "तसाच होता."

त्या जायला वळल्या आणि परत आल्या. "एक सांगू? एका मुलीने आज मला विचारलं, मिस, संपल्यावर कसा आवाज येतो? मला माहीत नाय. पुस्तकातपण नाय. मी म्हटलं विचारून सांगते."

"मला विचारताय?"

"दुसऱ्या कुणाला विचारू?"

मी नाही म्हटलं. पुढच्या आठवड्यातही नाही म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही, आणि त्यामुळेच तो प्रश्न माझ्या मागे लागला. गाडी चालवताना, भांडी लावताना मी त्याचं उत्तर मनात जुळवत राहायचे. मला उत्तर येत होतं. कोणी कधी विचारलंच नव्हतं.

शेवटी एकदा मी त्या वर्गात गेले. दारापाशीच उभी राहिले आणि दार उघडं ठेवायला सांगितलं. मुलं रांगेत उभी होती, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. बाईंनी शेवटच्या मुलाला हलकेच ढकललं आणि तो धक्का सर्रकन रांगेतून पुढे गेला. ही पहिली लहर. मग त्याच मुलाला त्यांनी डावीकडे-उजवीकडे डोलवलं. ती डोल सावकाश आली, पण पुढच्या टोकाची मुलं अक्षरशः कोलमडली. दुसरी लहर. "पहिला धक्का लागला की खाली बसायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय धरायचा," बाई इंग्रजीत सांगत होत्या. "दुसरी यायच्या आत."

मी ते उभ्या उभ्या ऐकलं. आमच्या माळवदाखाली टेबल नव्हतं. असतं तरी काय झालं असतं कोण जाणे.

मग मुलं जागेवर बसली. संपल्यावरच्या आवाजाचं विचारणारी मुलगी पुढच्याच बाकावर होती. तिने मलाही तेच विचारलं. "मिस, व्हॉट डज इट साउंड लाइक आफ्टर?"

मी म्हटलं, नंतर आवाज नसतो. धूळ इतकी असते की आवाज त्यात अडकून पडतात. कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. आणि मग खूप वेळाने, किंवा आपल्याला तसं वाटतं, माणसं नावं घ्यायला लागतात. प्रत्येक जण आपल्या घरातल्यांची नावं घेतो. बाकी कोणी काही बोलत नाही, नुसती नावं.

एका मुलाने विचारलं, "वेअर यू देअर, मिस?" मी हो म्हटलं. मला पळून जावंसं वाटलं. पण बाई माझ्या आणि दाराच्या मधे उभ्या होत्या, मुद्दाम की सहज, मला आजही माहीत नाही.

मुलांनी नाटुकल्याचा शेवट बदलला. बाकं बडवून झाली की सगळ्यांनी बाकांखाली निश्चल पडून राहायचं, आणि मग एकेकाने एक नाव घ्यायचं.

सत्राअखेरीच्या प्रदर्शनात हे सादर होणार होतं. त्याआधीच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर बाईंनी तालीम ठेवली. मला बोलावलं होतं. मी काहीतरी कारण सांगून घरीच राहिले. नवरा कामासाठी अबुधाबीत होता. मुलगी शाळेतून येऊन सोफ्यावर पाय पसरून बसली होती आणि मी स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत होते.

आधी खिडकीच्या पट्ट्यांचा पडदा काचेवर आपटला. खिडकी बंद होती. मग ओट्यावरचा कांद्याचा अर्धा तुकडा आपोआप फिरून थांबला. आणि मग सबंध इमारत एका बाजूला गेली, सावकाश, जहाजासारखी, आणि परत आली.

या वेळी आवाज नव्हता. त्याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटली. जी खूण मी इतकी वर्षं कानात घेऊन जगत होते ती आलीच नाही, आणि जमीन मात्र हलत होती.

बाईंच्या वर्गात जे ऐकलं होतं त्यातलं मी काहीच केलं नाही. मुलीचा दंड धरला आणि तिला ओढत जिन्याकडे धावले. पलंगाखालचे बूट तिथेच राहिले. ती ओरडत होती, "आई, टेबल! अंडर द टेबल!" आमच्या डायनिंग टेबलाजवळून मी तिला फरफटत नेलं. जिन्यात माणसंच माणसं. कोणी अरबीत प्रार्थना म्हणत होतं, कोणी बाळाला छातीशी धरून उतरत होतं, मागून कोणी "यल्ला, यल्ला" म्हणून रेटत होतं. भिंतीचा गिलावा हाताला गार लागत होता आणि प्रत्येक मजल्यावर मला वाटत होतं, आता छत येणार. मी श्वास घेत नव्हते, कारण तोंडात माती जाईल असं वाटत होतं. अर्ध्यात कुठेतरी हलणं थांबलं होतं म्हणे. मला कळलं नाही. माझे पाय हलत होते.

खाली तळ्याकाठच्या फरसबंदीवर सगळा टॉवर जमला होता. कोणी अनवाणी, कोणी ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात घालून. मी मुलीला मिठी मारली ती मला सोडवेचना. ती आधी चिडलेली होती. मग तिच्या लक्षात आलं की मी थरथरतेय. तिने पहिल्यांदा मराठीत विचारलं, "आई, तुला काय होतंय?"

मी तिला तिथेच सांगितलं. आवाजाचं, माळवदाचं, अक्काचं. आजूबाजूला लोक फोनवर बोलत होते, व्हिडिओ दाखवत होते. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "यू शुड हॅव टोल्ड मी," आणि माझे हात आपल्या हातात धरून बसली.

नवऱ्याचा फोन लागेना. लागला तो रास अल खैमाचा.

"मॅडम, खाली आलात? लेक आहे बरोबर?" भूगोलाच्या बाई धापा टाकत होत्या.

"आहे. मुलं?"

"सगळी बरी आहेत. ऐका तर. आमची बाकं बडवणं चालू होतं. त्यातच हललं असणार, आम्हाला कळलंच नाय. आमचा आवाज संपला, सगळी बाकांखाली गेली, शांत झाली, आणि मी बघते तर छताचे दिवे झुलतायत. पोरांनीपण बघितलं. एक मुलगा रडायला लागला, दोघी मुली बाहेर पळाल्या, पण बाकीची पडून राहिली ओ. बाकाचा पाय धरून. आणि मी काय केलं माहितीये? मी या अल्ला म्हणून ओरडले आणि तशीच उभी. सगळा धडा विसरले."

मी हसायला लागले आणि मग रडायला. त्याही.

दोन्हीकडे कुठे काही पडलं नव्हतं. केंद्र समुद्रापलीकडे होतं, संध्याकाळपर्यंत बातमी जुनी झाली. पण शाळेत पालकांचे फोन सुरू झाले आणि मुख्याध्यापिकांनी आम्हा दोघींना बोलावलं. मुलं आधीच घाबरली आहेत, हा आयटम काढून टाकू या, असं त्यांचं मत होतं. "आप प्लॅनर हैं," त्या मला म्हणाल्या, "आप बताइए."

काढायचं निमित्त आयतं समोर आलं होतं. कार्ड भिंतीवरून काढलं असतं तर कोणी मला दोष दिला नसता. मी म्हटलं, "ठेवू या." मी त्यांना सांगितलं की भीती मुलांना आधीपासून आहेच, आता निदान त्या भीतीत हातांनी काय करायचं हे त्यांना माहीत आहे. ज्याला नको असेल त्याने बाहेर बसावं. शेवटी मुख्याध्यापिकांनी हो म्हटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरलेला होता. कारखान्यांतून शिफ्ट बदलून आलेले बाप, साड्यांतल्या, अबायातल्या आया. मी दाराजवळची खुर्ची घेतली होती. मुलांनी लहरी दाखवल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बाकं बडवायला सुरुवात झाली आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरले. या वेळी मी उठणार नव्हते.

तेवढ्यात माझ्या बाजूने कोणीतरी झपकन बाहेर गेलं. लहान मुलांचे वर्ग सांभाळणारी मदतनीस होती, नेपाळची. शाळेत सगळे तिला दीदी म्हणायचे. मी सत्रभर तिला दर आठवड्याला बघत होते. दाराच्या काचेतून मला ती कॉरिडॉरच्या भिंतीशी बसलेली दिसली, दोन्ही कानांवर हात.

मी बाहेर गेले आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले. हॉलमधला आवाज वाढत होता. माझी पाठ भिंतीला चिकटली होती आणि भिंतीतून ते बडवणं अंगात येत होतं. तिने माझ्याकडे बघितलं.

"हमारा गाँव भी गिरा था," ती म्हणाली. "आप लोगों ने बताया नहीं, ये करने वाले हैं."

खरंच होतं. आम्ही मुलांना विचारलं, पालकांना कळवलं, मुख्याध्यापिकांशी वाद घातला. तिला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मेरा भी गिरा था." तिने कानांवरचे हात काढले. आवाज संपला, आणि आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो, आतली शांतता ऐकत. तिचा हात माझ्या हातात होता. मग आत मुलं नावं घ्यायला लागली, आणि ती नेपाळीत पुटपुटत काहीतरी म्हणाली. मला शब्द कळले नाहीत आणि मी विचारले नाहीत.

आता अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या एका शाळेत माझं काम चालू आहे. तिथेही सातवीच्या भूगोलात तो धडा आहे आणि शिक्षकांनी तो नाटकातूनच मागितला. नकाशा करायला बसण्याआधी मी शाळेतल्या सगळ्यांना एकत्र बोलावलं, बसचे ड्रायव्हर, सफाईवाले, कँटीनवाले धरून, आणि आम्ही काय करणार आहोत ते सांगितलं. कुणाला तो आवाज नको असेल तर त्या वेळी लांब जाता यावं म्हणून. एक सिरियन विज्ञान शिक्षिका नंतर माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, त्या दिवशी मी आत येणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मी तुमच्याबरोबर बाहेर बसेन.